नवा कॉम्प्युटर, जुना मॉनिटर आणि पिन जुळेना? भंगारात टाकण्याआधी हे बघा

गावातल्या सेवा केंद्रावर पीक विम्याचे अर्ज भरायला रांग लागलेली असते. जुना कॉम्प्युटर आदल्या दिवशीच बसला, म्हणून चालक तालुक्याहून नवा छोटा कॉम्प्युटर घेऊन येतो. खोका फोडतो, माउस-कीबोर्ड लावतो आणि मॉनिटरची निळी पिन हातात घेऊन मागं बघतो, तर ती लावायला नव्या डब्याला जागाच नाही. दुकानदाराला फोन लावला तर सरळ उत्तर येतं, "मॉनिटर जुना झालाय हो, नवा घेऊन टाका." म्हणजे पाच-सहा हजारांचा खर्च, तालुक्याची आणखी एक खेप, आणि तोवर बाहेर माणसं ताटकळत उभी.

हे एकाच गावात घडतं असं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला आणि जुन्या बऱ्याच मशीनवर विंडोज ११ चढत नाही. त्यामुळे सेवा केंद्रं, पतसंस्था, शाळा, दूध संकलन केंद्रं अशा ठिकाणी कॉम्प्युटर बदलायची वेळ आली. कॉम्प्युटर बदलला तरी मॉनिटर मात्र ठणठणीत असतो, आणि खरं तर तो टाकायची बहुतेक वेळा गरजही नसते. दोनशे ते पाचशे रुपयांच्या एका कन्व्हर्टरवर काम भागतं. फक्त तो बरोबर घेतला पाहिजे. चुकीचा घेतला तर दोनशे रुपयेही जातात आणि मॉनिटर काळाच्या काळा राहतो.

ही निळी पिन आली कुठून?

निळ्या पिनेचं नाव व्हीजीए. आयबीएम कंपनीनं १९८७ मध्ये ती बाजारात आणली आणि पुढची पंचवीस वर्षं जगभरातल्या मॉनिटरवर तिचंच राज्य होतं. ती अ‍ॅनालॉग पद्धतीनं चालते, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांची चढ-उतार तारेतून विजेच्या कमी-जास्त दाबानं जाते. जाड काचेच्या जुन्या मॉनिटरला हेच हवं असायचं. पुढं सपाट स्क्रीन आले. त्यांना आकड्यांतला, म्हणजे डिजिटल सिग्नल सोयीचा पडतो, म्हणून १९९९ मध्ये डीव्हीआय, २००२ च्या अखेरीस एचडीएमआय आणि २००६ मध्ये डिस्प्लेपोर्ट आला. २०१० मध्ये इंटेल, एएमडी आणि काही मोठ्या कंपन्यांनी मिळून जाहीर करून टाकलं, की व्हीजीए २०१५ पर्यंत हळूहळू बंद करू. म्हणून आजच्या बऱ्याच नव्या कॉम्प्युटरला ती निळी जागा नसते. कंपन्यांनी आपलं ठरवलं, पण खेड्यापाड्यांतल्या लाखो चालू मॉनिटरना ते कोण सांगणार!

आधी फोटो काढा

तालुक्याला निघण्याआधी दोन फोटो मोबाइलमध्ये घ्या. एक कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूचा, एक मॉनिटरच्या मागचा किंवा खालचा. मॉनिटरच्या जागा बऱ्याचदा खालच्या अंगाला, जमिनीकडं तोंड करून असतात, त्यामुळे हात घालून चाचपडण्यापेक्षा मोबाइल खाली धरून फोटो काढलेला बरा. "ती चपटी पिन" एवढंच सांगून दुकानात गेलात तर हमखास वेगळीच वस्तू हातात पडते.

फोटोत काय ओळखायचं ते असं. व्हीजीए निळी असते (कधी काळीही), तिच्या दोन बाजू तिरप्या असतात, तीन ओळींत पाच-पाच अशी १५ छिद्रं आणि दोन्ही टोकांना स्क्रूची जागा. जुन्या डेस्कटॉपला अगदी याच मापाची, पण आत नऊ टोचरे काटे असलेली एक जागा दिसते. ती सिरीयल पोर्ट, वजनकाट्यासारखी यंत्रं जोडायची. तिचा मॉनिटरशी संबंध नाही. पांढरी, रुंद आणि एका कडेला आडवी चपटी फट असलेली ती डीव्हीआय. सेट-टॉप बॉक्सला असते तशी छोटी, खालचे दोन्ही कोपरे आत वळलेली ती एचडीएमआय. आणि जिचा फक्त एकच कोपरा कापलेला असतो, ती डिस्प्लेपोर्ट.

शेवटच्या दोघांत फार गोंधळ होतो. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात आणि एचडीएमआयची पिन जोर लावून डिस्प्लेपोर्टमध्ये कोंबणारेही कमी नाहीत. आत गेली तरी चित्र येत नाही, उलट आतली पट्टी मोडते. डिस्प्लेपोर्टच्या बऱ्याच केबलला वर एक दाबायचं बटण असतं. ते न दाबता ओढली तर कॉम्प्युटरचा डबाच टेबलावरून खाली यायचा.

खरी मेख दिशेत आहे

आता सगळ्यात महत्त्वाचं. कन्व्हर्टरला दिशा असते. पाण्याच्या मोटारीला सक्शन आणि डिलिव्हरी वेगळी असते, उलटी जोडली तर पाणी येत नाही, तसंच हे. चित्र कॉम्प्युटरकडून निघतं आणि मॉनिटरकडं जातं. म्हणून पाकिटावर 'एचडीएमआय टू व्हीजीए' लिहिलं असेल तर पहिलं नाव कॉम्प्युटरचं, दुसरं मॉनिटरचं. 'व्हीजीए टू एचडीएमआय' ही वेगळी वस्तू. पिना दोन्हीकडच्या त्याच, पण आतलं काम पूर्ण उलटं. दुकानात "एचडीएमआय-व्हीजीएचं काहीतरी द्या" असं म्हटलं की निम्मी चूक तिथंच होते. "कॉम्प्युटरला एचडीएमआय आहे, मॉनिटरला व्हीजीए आहे" असं सांगा, म्हणजे घोळ होणार नाही.

दुसरी गोष्ट, अ‍ॅनालॉग आणि डिजिटल यांच्यामध्ये नुसती तार चालत नाही. मध्ये दुभाष्या लागतो, म्हणजे आत चिप असलेला कन्व्हर्टर. बाजारात एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला व्हीजीए अशा साध्या केबलही मिळतात. त्यातल्या ज्यांच्या आत चिप नाही, त्या मॉनिटरसाठी काही कामाच्या नाहीत. बाहेरून बघून चिप आहे की नाही कळत नाही, म्हणून दुकानात लावून दाखवा म्हणायला लाजू नका. लग्नाचा शर्ट अंगाला लावून बघतो, मग हे का नाही?

उलट, डीव्हीआय आणि एचडीएमआय ही जवळच्या नात्यातली. त्यांच्यातला चित्राचा सिग्नल एकच असल्यामुळे साधी एचडीएमआय-डीव्हीआय केबल चिपशिवाय चालते आणि दोन्ही दिशांनी चालते. जुन्या मॉनिटरला निळ्या पिनेशेजारी पांढरी डीव्हीआयची जागा असेल तर व्हीजीएच्या नादी लागूच नका. ही केबल घ्या, अक्षरं जास्त स्वच्छ दिसतात. दिवसभर सातबारा आणि आधार नंबर वाचणाऱ्याच्या डोळ्यांना हा फरक कळतो.

तुमचं गणित कुठलं?

कॉम्प्युटरला एचडीएमआय आणि मॉनिटरला व्हीजीए ही सगळ्यात जास्त दिसणारी जोडी. छोटा एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर घ्यायचा, तो कॉम्प्युटरला लावायचा आणि त्याच्या दुसऱ्या तोंडात जुनीच निळी केबल लावायची. हा कन्व्हर्टर स्वतःसाठी लागणारी वीज एचडीएमआयच्या तारेतूनच ओढतो. काही कॉम्प्युटर, विशेषतः लॅपटॉप, तेवढी वीज देत नाहीत. मग चित्र येतं-जातं किंवा थोड्या वेळानं बंद पडतं. म्हणून बाजूला यूएसबीची वायर लावायला भोक असलेला कन्व्हर्टर मिळाला तर पन्नास-शंभर जास्त गेले तरी तोच घ्यावा. मोबाइलच्या चार्जरची वायर त्याला लावली की प्रश्न मिटतो.

व्हीजीएतून आवाज जात नाही, हेही ध्यानात असू द्या. आवाज कॉम्प्युटरच्या हेडफोनच्या भोकातून घ्यायचा किंवा आवाजाचं भोक असलेला कन्व्हर्टर घ्यायचा. आणखी एक, सिनेमाची काही अ‍ॅप या मार्गानं चित्र दाखवायला नकार देतात, स्क्रीन काळी ठेवतात. तो बिघाड नाही, चोरी होऊ नये म्हणून कंपन्यांनी लावलेलं कुलूप आहे.

याच्या उलटी जोडी म्हणजे जुना कॉम्प्युटर आणि नवा टीव्ही. इथं व्हीजीए टू एचडीएमआय लागतो. त्याला यूएसबीची वीज द्यावीच लागते आणि आवाजाची वेगळी वायर कॉम्प्युटरच्या हिरव्या भोकात लावावी लागते. पण पैसे घालण्याआधी टीव्हीची पाठ एकदा नीट बघा. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या बऱ्याच एलसीडी-एलईडी टीव्हींना 'पीसी इन' नावानं व्हीजीएची जागा असायची. ती असेल तर कन्व्हर्टर लागतच नाही.

तिसरी जोडी अलीकडं वाढली आहे. शहरातल्या कंपन्यांमधून निघालेले रिफर्बिश्ड डेस्कटॉप आता तालुक्यातही स्वस्तात मिळतात. यातल्या अनेक मॉडेलना एचडीएमआय नसतंच, दोन डिस्प्लेपोर्ट असतात आणि फार तर एक व्हीजीए. व्हीजीए असेल तर जुन्या मॉनिटरवाल्याचं काम फुकटात झालं. नसेल तर डिस्प्लेपोर्ट टू व्हीजीए किंवा डिस्प्लेपोर्ट टू एचडीएमआय घ्यायचा. डिस्प्लेपोर्टच्या जागेजवळ 'डीपी' या खुणेपुढं दोन अधिकची चिन्हं असतील तर एचडीएमआयसाठी स्वस्तातली साधी केबलही चालते. मात्र हीच केबल उलटी लावून, कॉम्प्युटरच्या एचडीएमआयमधून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टमध्ये चित्र न्यायला गेलात तर काही होणार नाही. त्या दिशेला वीज लागणारा वेगळा आणि महाग कन्व्हर्टर लागतो. तेवढे पैसे घालण्यापेक्षा मॉनिटरला आणखी कुठली जागा आहे का ते आधी पाहावं.

डीव्हीआयच्या बाबतीत एक गंमत आहे, गंमत म्हणजे तोट्याचीच. डीव्हीआय दिसायला एक, पण प्रकार दोन. चपट्या फटीच्या वर-खाली दोन-दोन अशी चार जादा छिद्रं असतील तर तिच्यातून अ‍ॅनालॉग सिग्नलही निघतो आणि पन्नास-शंभर रुपयांची साधी व्हीजीएची जोडणी चालते. ती चार छिद्रं नसतील तर ती जागा पूर्ण डिजिटल आहे, तिथं चिपवालाच कन्व्हर्टर हवा. साधी जोडणी आत बसत नाही म्हणून पक्कडीनं तिचे चार काटे मोडून बसवणारे कारागीरही आहेत. पिन बसते, चित्र काही येत नाही, कारण चित्र त्याच चार काट्यांतून येणार होतं.

करंटचं काय?

केबल लावताना हाताला मुंग्या आल्या किंवा पिन टेकताच बारीक ठिणगी उडाली, हा अनुभव गावाकडं पुष्कळांना असतो. बरेच जण त्याकडं दुर्लक्ष करतात. कारण साधं आहे. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून थोडीशी वीज त्याच्या लोखंडी डब्यावर येत असते. ती अर्थिंगमधून जमिनीत जावी अशी रचना आहे. घराला अर्थिंगच नसेल, किंवा तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून टाकलेली असेल, तर ती वीज डब्यावरच थांबते आणि मॉनिटरची केबल टेकली की तिकडं उडी मारते. माणसाला नुसता झटका बसतो, पण एचडीएमआयच्या नाजूक चिपला तेवढं पुरतं. पोर्ट कायमचा जातो आणि त्याची दुरुस्ती कन्व्हर्टरच्या कितीतरी पट महाग पडते.

म्हणून कॉम्प्युटर आणि मॉनिटर दोन्हींचे प्लग आधी काढा, मग केबल लावा, मग प्लग घाला. दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर असू द्या. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात अधूनमधून दोन-चार बादल्या पाणी ओतायचं जुनी माणसं सांगतात, ते अगदी बरोबर आहे. इतकं करूनही झटका बसत असेल तर गावातल्या वायरमनला बोलवा. ते काम कन्व्हर्टर विकणाऱ्याचं नव्हे.

सगळं लावलं, तरी स्क्रीन काळीच

आधी मॉनिटरवर काय अक्षरं येतात ते वाचा. 'नो सिग्नल' आलं तर मॉनिटर चुकीच्या जागेकडं बघत बसलेला असू शकतो. ज्यांना दोन-तीन जागा असतात, त्यांच्यावर 'इनपुट' किंवा 'सोर्स' नावाचं बटण असतं, कधी ते मेनूच्या आत दडलेलं असतं. तिथं 'अ‍ॅनालॉग' किंवा 'व्हीजीए' निवडा.

डेस्कटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल तर मागं दोन ठिकाणी जागा दिसतात. एक माउस-यूएसबीच्या घोळक्यात, दुसरी खाली वेगळ्या पट्टीवर. केबल खालच्या, कार्डाच्या जागेत लावायची. कार्ड असताना वरची जागा बऱ्याचदा बंद असते, आणि काही प्रोसेसरमध्ये तर चित्र काढायची सोयच नसते, त्यामुळे वरची जागा असून नसल्यासारखी. तासभर डोकं खाजवून शेवटी एवढंच निघतं, असं अनेकदा होतं.

लॅपटॉपला मॉनिटर किंवा शाळेतला प्रोजेक्टर जोडला असेल तर कीबोर्डवरचं विंडोजचं बटण धरून 'पी' दाबा. बाजूला चार पर्याय येतात. दोन्हीकडं एकच चित्र हवं असेल तर 'डुप्लिकेट' निवडा. वर्गात मुलं बसलेली आणि प्रोजेक्टर निळाच, अशा वेळी गुरुजींची सुटका बहुतेक या दोन बटणांनीच होते.

'आउट ऑफ रेंज' किंवा 'इनपुट नॉट सपोर्टेड' आलं तर खूश व्हा. केबल आणि कन्व्हर्टर दोन्ही बरोबर आहेत. कॉम्प्युटर मॉनिटरला झेपणार नाही इतकं मोठं चित्र पाठवतोय, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी कॉम्प्युटर घरातल्या टीव्हीला किंवा शेजाऱ्याच्या मॉनिटरला तात्पुरता जोडा, डेस्कटॉपवर राइट क्लिक करून डिस्प्ले सेटिंगमध्ये जा आणि रिझोल्यूशन कमी करा. जुन्या चौकोनी मॉनिटरला १०२४ बाय ७६८ सहसा चालतं, रुंद मॉनिटरला १३६६ बाय ७६८. रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ ठेवा. मग परत आपला मॉनिटर लावा.

चित्र आलं पण सगळं पिवळट किंवा गुलाबी दिसतंय, तर निळ्या पिनेचा एखादा काटा वाकलेला असणार किंवा केबल नीट बसलेली नसणार. तीन रंगांपैकी एक पोहोचत नाही, म्हणून तसं दिसतं. काटा टाचणीनं हळूच सरळ करता येतो. मधल्या ओळीत एक काटा मुळातच नसतो, तो तुटलेला समजून केबल फेकू नका.

मोबाइलच जोडला तर?

हा प्रश्न हमखास येतो. टाइप-सी ते एचडीएमआय कन्व्हर्टर ऑनलाइन दिसतो, मोबाइललाही टाइप-सी आहे, मग चालायला हवं. पण तसं नसतं. टाइप-सी हा फक्त भोकाचा आकार आहे. त्यातून चित्र बाहेर पडतं की नाही हे मोबाइल बनवणाऱ्यानं ठरवलेलं असतं, आणि दहा-पंधरा हजारांच्या बहुतेक मोबाइलमध्ये ती सोय नसते. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेतल्या महागड्या फोनना ती असते. मोबाइलच्या माहितीत 'यूएसबी २.०' लिहिलं असेल तर कन्व्हर्टरवर पैसे घालू नका. लॅपटॉपच्या टाइप-सीचंही असंच आहे. भोकाजवळ विजेची किंवा 'डीपी'ची खूण असेल तर चित्र मिळण्याची शक्यता चांगली, नुसती बॅटरीची खूण असेल तर ती बहुधा चार्जिंगपुरतीच.

आणि समजा नवा मॉनिटर घेतलाच, तर जुना माळ्यावर टाकू नका. दूध डेअरीत, कृषी केंद्रात किंवा शेतातल्या घरी बसवलेल्या कॅमेऱ्यांच्या डीव्हीआर डब्याला आजही बहुधा एचडीएमआयसोबत निळी व्हीजीएची जागा असते. तिथं हा मॉनिटर कन्व्हर्टरशिवाय थेट लागतो. 'आउट ऑफ रेंज' आलं तर डीव्हीआरच्या मेनूत रिझोल्यूशन एक पायरी खाली आणायचं.